माइकवर गेलेलं घरातलं नाव

या प्रकरणातल्या नवरा-बायकोची नावं मी लिहिलेली नाहीत. अशा लिखाणात आम्ही समुपदेशक सहसा बनावट नावं घालतो. इथे ते करावंसं वाटलं नाही, कारण सगळा गुंता नावाचाच आहे आणि या बाईंना आजवर त्यांना न विचारता पुरेशी नावं मिळाली आहेत. त्यात माझी भर नको. गाव, नोकरी असे ओळख पटवणारे तपशील बदलले आहेत. 'चकली' हे टोपणनाव मात्र खरं आहे. ते छापू का, असं मी बाईंना विचारलं होतं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "लिहा. पण गोष्ट पूर्ण लिहा."

पार्श्वभूमी

लग्न २०११ च्या मे महिन्यातलं. यजमान सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत मशीन ऑपरेटर. बाई बार्शीकडच्या. लग्नात सासरच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि माहेरचं नाव मागे पडलं. रीत जुनी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी मूळच्या यमुना. १८७४ साली, नऊ वर्षांच्या असताना, लग्नात त्या आनंदी झाल्या. या बाईंनीही नवं नाव मुकाट्यानं घेतलं. मात्र एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "त्या नावानं कुणी हाक मारली ना, की आधी वाटतं दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत."

गंमत अशी की यजमानांनीही ते नाव कधी वापरलं नाही. चारचौघांत 'अगं', आईवडिलांसमोर नुसता खाकरा, आणि दोघंच असताना 'चकली', 'चकले', फार लाडात आले की 'चकलूबाई'. बाईंच्या तोंडी पहिल्या दिवसापासून 'अहो'.

इथे थोडं थांबते, कारण नवरा-बायकोच्या हाकांबद्दल मला खरोखर प्रेम आहे आणि कामात त्या रोज कानावर पडतात. नाव न घेण्याच्या आपल्या जुन्या रिवाजातून केवढी शब्दसंपत्ती उभी राहिली! अहो, हे, स्वारी, यजमान, मालक, कारभारी. तिकडून मंडळी, कुटुंब, 'आमची ही', कारभारीण, नाहीतर थेट 'बंड्याची आई'. नंतर होम मिनिस्टर आले, गृहमंत्री आले, हायकमांड आले. हल्लीच्या जोडप्यांत पिल्लू आणि शोना. पण ही सगळी तयार मिळणारी नावं झाली. खरी मजा असते ती त्या एकाच घरात जन्मलेल्या नावांत. पंचविशीपासून बायकोला 'म्हातारे' म्हणणारे एक आजोबा मला माहीत आहेत. आता दोघंही ऐंशीच्या पुढे आहेत आणि हाक तीच आहे. एक बाई नवऱ्याला 'दीड वाजता' म्हणायच्या, कारण लग्नाआधीच्या पहिल्या भेटीला तो बाराची वेळ देऊन दीडला उगवला होता.

माझ्या अनुभवात अशा नावांचे दोन मोठे वर्ग पडतात. काही नावं अंगावरून पडतात: जाडे, बुटक्या, टकल्या. काही एखाद्या प्रसंगावरून. अंगावरची नावं लवकर आंबतात. लग्नाच्या वर्षी 'जाडे' ऐकून हसणारी मुलगी बाळंतपणानंतर त्याच शब्दानं रडते. प्रसंगावरची नावं जास्त टिकतात, कारण त्यांच्या पोटात एक गोष्ट असते आणि ती दोघांनाच ठाऊक असते. 'चकली' हे दुसऱ्या वर्गातलं. २०११ च्या दिवाळीत ते जन्मलं. कसं, ते पुढे येईल, कारण मलाही ते दोनदा, दोन तऱ्हांनी कळलं.

मुलगा २०१२ चा. २०२० मध्ये टाळेबंदीत यजमानांचा पगार काही महिने अर्ध्यावर आला, तेव्हा बाईंनी सोसायटीत फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला शेव, शंकरपाळे. मग भाजणीच्या चकल्या. दोन वर्षांत चकली हाच त्यांचा मुख्य माल झाला. २०२२ च्या दिवाळीत तीन बायका मदतीला घेऊन त्यांनी साठ किलोच्या आसपास चकल्या तळल्या. तांदूळ चार वाट्या, हरभरा डाळ दोन, उडीद डाळ एक, मूग डाळ एक, वर धणे-जिरे, प्रत्येक धान्य वेगळं भाजलेलं. ही मापं त्या मला अशा सांगायच्या की ऐकताना वास यावा.

अडचण कुठे उभी राहिली

सप्टेंबर २०२३, सोसायटीचा गणपती. पाचव्या दिवशी संध्याकाळी जोडप्यांचे खेळ होते. आधी उखाण्यांची स्पर्धा झाली. बाईंनी दोन दिवस खपून रचलेल्या उखाण्याला दुसरं बक्षीस मिळालं. त्यानंतर निवेदकानं माइक पुरुषांकडे वळवला आणि विचारलं, "खरं सांगायचं हं, घरी बायकोला लाडानं काय म्हणता?"

यजमान रंगात होते. त्यांनी नाव सांगितलं, आणि लोक का म्हणून विचारायला लागल्यावर गोष्टही सांगितली. ती साधारण अशी: "लग्नानंतरची पहिली दिवाळी. हिनं चकल्या केल्या. कढईत सोडल्या आणि गायब! आई झाऱ्यानं शोधतेय, चकली कुठे आहे? तळाला नुसता गाळ. तेव्हापासून ही माझी चकली!"

मंडप हसला. बाईही हसल्या, असं यजमान मला तीन-चारदा ठासून म्हणाले. हसल्या हे खरंच आहे. तीनशे माणसांसमोर दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत त्या 'चकली वहिनी' झाल्या. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, शाळेच्या बसथांब्यावर. म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि म्हणूनच कुणाला अडवणं अवघड होतं. पण हीच बाई चकल्या विकत होती. नवरात्राच्या सुमाराला दिवाळीच्या ऑर्डरी नोंदवायला सुरुवात होते. एक शेजारीण म्हणाल्या, "चकली वहिनी, आमच्या गायब नाही ना व्हायच्या?" दरवर्षी पाच किलो नेणाऱ्या एका घरानं या वर्षी एकच किलो सांगितलं. त्या वर्षी ऑर्डरी घटल्या. जवळच फराळाचं एक नवं दुकानही उघडलं होतं, त्यामुळे सगळा दोष माइकवरच्या गोष्टीला देता येणार नाही. पण बाईंच्या मनात हिशेब पक्का बसला: बारा वर्षं मन लावून हात बसवला आणि माणसांच्या लक्षात राहिला तो पहिल्या दिवसाचा गाळ.

घरात भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. बाईंनी 'अहो' म्हणणं थांबवलं. निरोप मुलाकरवी जाऊ लागले: "बाबांना सांग, ताट वाढलंय." ज्या घरात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तिथे 'अहो' गेलं की हाकच उरत नाही. आणि एका रात्री त्यांनी यजमानांच्या फोनमध्ये 'चकली' म्हणून साठवलेला आपला नंबर काढून स्वतःचं नाव टाकलं: आधी सासरी ठेवलेलं नाव, मधे नवऱ्याचं, शेवटी आडनाव. सरकारी कागदावर असतं तसं.

ते माझ्याकडे आले ते यासाठी नाही. गणपतीनंतर सहावीतल्या मुलानं वर्गमित्राला कंपासपेटी फेकून मारली, भुवईवर दोन टाके पडले, आणि शाळेनं आईवडिलांना समुपदेशनाला जायला सांगितलं.

पहिली भेट आणि माझी चूक

मुलाला मी विचारलं, तो मित्र काय म्हणाला होता? मुलगा आधी बोलेना. मग एका दमात म्हणाला, "चकलीचा चुरा."

मला संदर्भ माहीत नव्हता. यजमानांनी तो हसत हसत दिला, माइकवरची गोष्ट जशीच्या तशी. आणि मी म्हणून गेले, "चकली! किती गोड नाव आहे."

बाईंनी बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. पुढच्या दोन्ही भेटींत त्यांनी मला 'हो' आणि 'नाही' यापलीकडे उत्तर दिलं नाही. मंडपातल्या तीनशेंत मीही एक होऊन बसले होते. समोरच्या माणसाला एखादं नाव कसं वाटतं हे कळायच्या आत ते नाव आपण तोंडात घ्यायचं नसतं, हे मी प्रशिक्षणार्थींना शिकवते. तरी ते माझ्याकडून घडलं.

कोणते पर्याय समोर होते

चौथ्या भेटीला बाई एकट्या आल्या आणि तेव्हा पहिल्यांदा मोकळं बोलणं झालं. तोवर मुलाचा राग कुठून येतोय ते माझ्या ध्यानात आलं होतं. आईला चिडवलं जातंय आणि बाबा हसताहेत, हे त्याला सोसत नव्हतं.

एक प्रश्न मी सगळ्यांत आधी निकालात काढला. हा छळ आहे का? कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा २००५ चा कायदा शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या करताना अपमान, थट्टा आणि नावं ठेवणं यांचा स्पष्ट उल्लेख करतो. लाडाचं नाव आहे असं नवरा म्हणतो म्हणून तो प्रश्न टाळता येत नाही. मी बाईंना नेहमीचं सगळं विचारलं: मारहाण, धमकी, पैशाची अडवणूक, माहेरी जायला आडकाठी, घरात भीती वाटते का. सगळ्याला नाही. मग एक प्रश्न, जो मला सगळ्यांत उपयोगी वाटतो: "हे नाव नको, असं तुम्ही सांगितल्यावर ते थांबले का?" बाई जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "मी सांगितलंच नाही." त्या उत्तरानं माझी दिशा ठरली. सांगूनही न थांबणारा नवरा आणि ज्याला सांगितलंच गेलेलं नाही असा नवरा, यांची प्रकरणं वेगळ्या वाटेनं न्यावी लागतात. कायद्याची माहिती मात्र मी बाईंना देऊन ठेवली.

बाकीचे पर्याय त्या दोघांच्या आजूबाजूच्या माणसांनीच पुढे केले होते. बाईंच्या भावाचं म्हणणं, मेहुण्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माफी मागावी. बाईंना ते नको होतं. ग्रुपवर माफी म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळणार, आणि खाली हसरे चेहरे पडणार.

सासूबाईंचं मत, यात काय एवढं, लोक चार दिवस म्हणतील आणि विसरतील. हा पर्याय वाटतो तितका वेडगळ नव्हता. टोपणनावं खरंच विरतात. पण दिवाळी तोंडावर होती आणि मुलगा रोज त्याच बसनं शाळेत जात होता.

तिसरा पर्याय यजमानांचा, आणि त्यांनी तो मोठ्या उमेदीनं मांडला: नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहेच तर तेच पाकिटावर छापू. 'चकली वहिनी'. याहून चांगली जाहिरात कोणती? धंद्याच्या दृष्टीनं ते चुकीचं नव्हतं हे मी मान्य करते. त्याच सुमाराला अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा होता. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या घरगुती उद्योगाला तेव्हा ही साधी नोंदणी पुरत होती आणि मिळालेला चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागे. अर्जात उद्योगाचं नाव लिहायचं होतं. म्हणजे प्रश्न नुसता मनातला राहिला नव्हता. एका चौकोनात काहीतरी भरायचं होतं.

बाईंनी तो अर्ज तसाच ठेवला होता. "त्यांना वाटतं मी रुसलेय," त्या म्हणाल्या. "मी रुसलेली नाही. माझी एक वस्तू होती. ती त्यांनी वाटून टाकली."

चौथा पर्याय, नाव कायमचं बंद. बाईंना सुरुवातीला हाच हवा होता. मला तो घाईचा वाटला, पण तसं मी बोलले नाही. बंद करायचं की नाही हे ठरवण्याआधी बंद काय होणार आहे ते दोघांनाही कळायला हवं होतं.

काय केलं

पाचव्या भेटीत दोघांना वेगवेगळं बसवून मी एकच गोष्ट करायला सांगितली: २०११ च्या दिवाळीतला तो दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. मधे मी काही विचारणार नाही.

यजमानांची गोष्ट चार मिनिटांत संपली. उकड, सोऱ्या, कढई, गाळ, हशा. माइकवरचीच, थोडी लांबवलेली.

बाईंना पाऊण तास लागला. गावाकडचं घर, चुलीवरची कढई, बघायला आलेल्या दोन चुलत सासवा. भाजणी सासूबाईंची, उकड सुनेची. परीक्षा होती ती. सासरी सगळं सढळ हातानं करतात असं ऐकलेलं, म्हणून त्यांनी मोहन जास्त घातलं. मोहन कमी पडलं तर चकली कडक होते, मोठ्या आचेवर तळली तर मऊ पडते, आणि मोहन जास्त झालं तर तेलात सुटते. ती सुटली. पहिला घाणा, दुसरा घाणा. सासूबाई काही बोलल्या नाहीत, सोऱ्या हातातून काढून घेतला, बस. तेल गाळून तो चुरा एका पातेल्यात बाजूला ठेवला, गाईला घालायला.

"रात्री सगळे झोपल्यावर मी पाणी प्यायला उठले," बाई सांगत होत्या. "स्वयंपाकघरात हे. अंधारात, पातेलं मांडीवर घेऊन. चुऱ्यात दही कालवून खात होते. मला बघून म्हणाले, चव फर्स्ट क्लास आहे, आकाराचं काय एवढं. मी रडायला लागले. तर म्हणाले, रडू नको गं माझे चकले. त्या घरात सहा महिने झाले होते मला, आणि कुणीतरी माझ्या बाजूनं आहे हे मला त्या रात्री कळलं."

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहिलं आहे, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे. शब्द एकच. यजमानांच्या मते तो एका फजितीचा होता. बाईंच्या मते तो त्या रात्रीचा होता. बारा वर्षं तो शब्द घरात फिरला आणि दोघांना वाटत राहिलं की आपण एकच गोष्ट आठवतोय. माइकवर यजमानांनी फजिती सांगितली आणि दह्याचं पातेलं गाळलं. स्वतःची बढाई वाटेल म्हणून गाळलं का, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "नाही मॅडम. मला ते आठवतच नव्हतं."

सहाव्या भेटीत बाईंनी ती गोष्ट यजमानांसमोर सांगितली. सांगायची की नाही हे त्यांच्यावर सोडलं होतं. यजमान ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मी भुकेला होतो असं वाटतंय मला. पण तू रडत होतीस हे आता आठवतंय." हे प्रामाणिक उत्तर होतं आणि मला वाटतं त्याचाच उपयोग झाला. त्या क्षणी त्यांनी काही गोड बनवून सांगितलं असतं तर बाईंनी ते ओळखलं असतं.

मग मी बाईंना विचारलं, "तुम्ही त्यांना काय म्हणता?"

"अहो."

"ते तोंडानं. मनात?"

बराच वेळ गेला. मग त्यांनी एक नाव सांगितलं. त्याच रात्रीवरून पडलेलं, बारा वर्षं मनातल्या मनात वापरलेलं, यजमानांनाही माहीत नसलेलं. यजमान आधी चकित झाले, मग खुलले, मग म्हणाले, "अरे वा! हे मी—" आणि स्वतःच थांबले. "कुणाला सांगू का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

ते नाव इथेही येणार नाही. पण त्या एका 'नाही'नं जे काम केलं ते माझ्या सहा भेटींनी केलं नव्हतं. आपल्याला मिळालेलं लाडकं नाव मुठीत ठेवायचं असतं म्हणजे काय, हे यजमानांना आतून कळलं. त्यानंतर त्यांनी पाकिटावर नाव छापायचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढचं काम साधं आणि चिवट होतं. 'चकली' हे नाव बाई म्हणतील तोवर बंद, असं ठरलं. मुदत नाही. आता हाक काय मारायची? इथे एक अनपेक्षित अडचण आली. यजमानांकडे दुसरं नावच नव्हतं. सासरच्या नावानं हाक मारून बघितली तर दोघांनाही परकं वाटलं. माहेरच्या नावानं हाक मारायला बाईंनी सुचवलं. पहिले काही दिवस ती हाक घशातच अडकायची, असं यजमान म्हणाले. दिवाळीला आलेल्या सासूबाईंना ते रुचलं नाही. "बायकोला नाव घेऊन हाक? तेबी माहेरचं नाव?" यजमानांनी आईला उत्तर दिलं नाही, पण हाकही बदलली नाही.

सोसायटीत जाहीर काही करायचं नाही हे ठरलं होतं. जे चार-पाच लोक सर्रास 'चकली वहिनी' म्हणायचे त्यांना यजमान एकेकटे भेटले. काय बोलायचं ते आम्ही आधी घोकून घेतलं होतं, कारण पहिल्या खेपेला ते 'तिला आवडत नाही हो' असं म्हणून आले होते आणि त्यातून बाईच नाजूक ठरत होत्या. दुसऱ्यांदा ते म्हणाले, "ते नाव मी तिथे सांगायला नको होतं. चूक माझी. तुम्ही ते म्हणू नका." फरक मोठा पडला.

आणि मुलाला पूर्ण गोष्ट सांगितली. सांगितली बाबांनी, आई शेजारी होती. मुलानं एकच विचारलं, "तो गाईचा होता, चुरा?" हो म्हटल्यावर तो इतका हसला की आईवडीलही हसले. महिन्याभरात शाळेची तक्रार थांबली.

काय झालं

२०२३ ची दिवाळी तशीच गेली. पस्तीस किलोच चकल्या झाल्या. नोंदणीचा अर्ज डिसेंबरात भरला गेला आणि चौकोनात बाईंनी आपलं माहेरचं नाव लिहिलं. तांदळाच्या ताटात मागे पडलेलं ते नाव आता चकल्यांच्या पाकिटावर छापलेलं आहे. २०२४ च्या दिवाळीत ऑर्डरी पुन्हा साठ किलोंच्या वर गेल्या. नावामुळे की दुकान बंद पडल्यामुळे, सांगता येत नाही. दुकान मे महिन्यात बंद झालं होतं.

'अहो' परत यायला जानेवारी उजाडला. 'चकली' त्यानंतरही कितीतरी दिवस आली नाही. मधे दोनदा यजमानांच्या तोंडून निसटली, एकदा पाहुण्यांसमोर. बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. सोसायटीत दोघी-तिघी अजून 'चकली वहिनी' म्हणतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्या आजींना बाई ओ देतात, बाकीच्यांना देत नाहीत. फोनमधलं सरकारी नाव अजून तसंच आहे. यजमानांनी बदलू का विचारलं, तर म्हणाल्या, राहू दे.

शेवटचा पाठपुरावा नोव्हेंबर २०२४ चा. घरात काय हाक मारता, असं मी यजमानांना विचारलं. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "दार लावलेलं असलं की म्हणतात." काय म्हणतात ते मी विचारलं नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीतली माझी चूक वर आलीच आहे. तिची किंमत दोन भेटी, म्हणजे तीन आठवडे, आणि तेही दिवाळीच्या तोंडावरचे.

दुसरं, मुलाला पूर्ण गोष्ट मी फार उशिरा सांगू दिली. मोठ्यांचं आधी मिटू दे, मग लेकराचं बघू, असा माझा क्रम होता. पण मुलगा रोज बसमध्ये त्या नावाचा मार खात होता आणि त्याच्या हातात फक्त फजितीची अर्धी गोष्ट होती. दह्याची अर्धी त्याला आधी मिळाली असती तर चिडवणाऱ्याला उत्तर द्यायला त्याच्याकडे काहीतरी असतं. आता अशा प्रकरणात मुलांना मी शेवटी ठेवत नाही.

तिसरी गोष्ट सासूबाईंची. मी त्यांना एकदाही बोलावलं नाही. सोऱ्या हातातून काढून घेणारी बाई या गोष्टीतलं तिसरं माणूस होती, आणि त्या सोऱ्याचं काय झालं हे सून बारा वर्षं विसरलेली नव्हती. गावाहून येणं अवघड, वय झालेलं, अशी कारणं मी तेव्हा स्वतःला दिली. माहेरच्या नावानं हाक मारण्यावरून त्या घरात अजून कुरबुर आहे.

आणि गणपतीच्या खेळांबद्दल. निवेदकानं वाईट हेतूनं विचारलं नव्हतं. पण एका संध्याकाळच्या त्या दोन खेळांतला फरक मला अजून विचार करायला लावतो. उखाण्यात बाईंनी नवऱ्याचं नाव तीनशे लोकांत घेतलं, आणि ते कसं घ्यायचं, किती सांगायचं, कुठे थांबायचं हे त्यांनी दोन दिवस आधी ठरवलं होतं. यजमानांना ठरवायला दोन सेकंद मिळाले. यंदा त्या सोसायटीच्या मंडळानं खेळांची यादी माझ्याकडे पाठवली होती. तो प्रश्न मी काढायला सांगितला नाही. ज्याचं नाव सांगायचं त्या व्यक्तीला आधी विचारून घ्या, एवढी ओळ वर घातली.

या प्रकरणाच्या फाइलीवर पहिल्याच दिवशी मी पेन्सिलीनं 'चकली' असं लिहिलं होतं, कपाटात चटकन सापडावी म्हणून. हा लेख लिहायला फाइल काढली तेव्हा ते दिसलं. खोडलं. तिथे आता फक्त नोंदणी क्रमांक आहे.